वजा एक मीटर बावन्न

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी नंदकिशोर आंबेरकर ओट्यापाशी उभा राहून मटार सोलत होता आणि त्याची मुलगी जाई जेवणाच्या टेबलावर भूमितीची वही उघडून बसली होती. ऐरोलीतलं सिडकोचं दोन खोल्यांचं घर. खिडकीतून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे आणि त्यांच्या मागे खाडीच्या बाजूचे विजेचे मनोरे दिसायचे. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. जाईने एकच उत्तर तिसऱ्यांदा खोडलं तेव्हा कागद फाटला.

नंदकिशोरने काय झालं विचारलं. आधी ती काही नाही म्हणाली. मग तिने सांगितलं, की नव्या दिलीप सरांनी शाळेच्या इमारतीची उंची मोजायचं प्रात्यक्षिक घेतलं आणि अख्ख्या दहावीचं उत्तर चुकलं. एकमेकांच्या वह्या उतरवल्या म्हणून सरांनी बेचाळीस मुलांना तासभर उभं ठेवलं आणि घरून पुन्हा सोडवून आणायला सांगितलं.

"पण चूक सापडतच नाहीये," ती म्हणाली. "बारा मीटर यायला पाहिजे. सगळ्यांचं साडेतेराच्या आसपास येतंय."

नंदकिशोर रबाळ्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होता. दहावीला गणितात नापास झालेला माणूस. टॅन म्हणजे काय हे त्याला त्या दिवशी माहीत नव्हतं, पण माप म्हणजे काय हे चांगलं माहीत होतं. एका कामगाराचा एक नग चुकला तर चूक त्या कामगाराची. सगळ्यांचे सगळे नग एकाच बाजूला आणि सारखेच चुकले तर कामगारांना शिव्या घालून उपयोग नसतो. मग मापच तपासायचं असतं.

त्याने हात पुसले आणि जाईचं यंत्र हातात घेतलं. यंत्र कसलं, कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली सरबताची नळी आणि मधल्या भोकातून सोडलेला दोरा. दोऱ्याच्या टोकाला नट बांधलेला. नळीतून इमारतीचा माथा बघायचा, दोरा सरळ खाली लोंबतो, तो कोनमापकावर जिथे येतो तिथून उन्नत कोन कळतो. इमारतीपासूनचं अंतर टेपने मोजलेलं असतं. अंतर गुणिले त्या कोनाचा टॅन, आणि त्यात आपल्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवायची. झाली इमारतीची उंची.

यंत्र बरोबर होतं. त्याने भिंतीच्या कोपऱ्यावर धरून पाहिलं. केसाचाही फरक नव्हता.

हे असलं यंत्र त्या शाळेत आणलं होतं ते त्याच्या बायकोने. गीतांजली तिथे अकरा वर्षं गणित शिकवत होती. पुस्तकातला मनोरा आणि पुस्तकातली होडी पाठ करून मुलांना टॅन कळत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून दर डिसेंबरात ती दहावीच्या मुलांना मैदानात उभं करायची आणि स्वतः गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायची. नुसत्या कडेवर पोरांची नजर ठरत नाही, माणसाच्या डोक्यावर ठरते. वरून ओरडून सांगायची, माझ्या डोक्यावर नजर धरा, आपली उंची मिळवा आणि मग मला वजा करा. एक मीटर बावन्न. मला वजा करायला विसरलात तर सेक्रेटरी साहेबांना फुकटचा अर्धा मजला मिळेल. पोरं हसायची, आणि तरीही निम्मी विसरायची. घरी आली की ती नंदकिशोरलाही सोडायची नाही. "तुमच्या हातात मायक्रोमीटर आणि डोक्यात भोपळा," म्हणायची. "एक दिवस तुम्हालाच बसवते वर्गात."

गेल्या वर्षी डिसेंबरातल्या शनिवारी, बारा वाजून दहा मिनिटांनी, ती त्या कोपऱ्यातून खाली पडली.

मैदानात चाळीस मुलं उभी होती आणि चाळीसही जणांचा एक डोळा मिटलेला, दुसरा नळीला लावलेला. नळीच्या भोकातून माणसाचं डोकं दिसतं, पाय दिसत नाहीत. मुलांना विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, की बाई नळीतून गेल्या. कुठून गेल्या, कशा गेल्या, हे कुणी पाहिलं नव्हतं.

नंदकिशोरला रडू आलं नाही. राग आला, आणि तो गेलाच नाही.

शाळेचे सेक्रेटरी हौसेराव. त्यांनी चौकशी अहवालात लिहिलं, की गच्चीचा कठडा एक मीटर वीस सेंटिमीटर उंच आहे आणि त्यावर चढल्याखेरीज माणूस पडू शकत नाही. सबब बाई स्वतः चढल्या. उडी मारली असं लिहिलं नाही. ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचं होतं आणि सगळ्यांनी घेतलं. कठडा एक वीस होता खरा, पण तो बाईंच्या दहाव्यानंतर. त्याआधी तो साठ होता, गुडघ्याच्या वर चार बोटं. शाळेचा शिपाई देवजी, दिवा गावचा, त्याने नंदकिशोरला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "मीच सिमीट कालवला, भाऊ. दोन दिसांत विटा चढवल्या. पन मी कुनासमोर बोलनार नाय. पोरं हायेत मला." त्या दिवशीच्या चाळीस वह्या चौकशीसाठी म्हणून गोळा केल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत. नंदकिशोरने अर्ज केले, खेटे घातले, दोनदा ऑफिसात टेबलावर हात आपटला. वह्या सापडत नाहीत, असं उत्तर मिळालं.

हे सगळं त्याने पचवलं असतं. पचवता आलं नाही ते जाईचं. ती तेव्हा नववीत होती, दुसऱ्या मजल्यावर वर्गात. आईला पोचवून आल्यावर महिनाभर ती बोलली नाही आणि मग एका सकाळी दात घासता घासता तिने विचारलं, "बाबा, आई कठड्यावर चढली होती का?"

तो म्हणाला, नाही. 

"तुम्ही तिथे नव्हता," ती म्हणाली, आणि चूळ भरली. त्यानंतर तिने घरात आई हा शब्द उच्चारला नव्हता. आईच्या फोटोकडे पाठ होईल अशी खुर्ची तिने आपणहून बदलून घेतली होती. ज्या बाईने आपल्याला न सांगता जायचं ठरवलं, तिच्याशी ती अबोला धरून होती. नंदकिशोरला हौसेरावांकडून काही नको होतं. त्याला या पोरीला एक खात्रीचं उत्तर द्यायचं होतं, आणि ते त्याच्याकडे नव्हतं.

शनिवारी सकाळी पाळी बदलून घेऊन तो शाळेत गेला. दिलीप सर तिशीतला, साताऱ्याकडचा, सरळ माणूस. मुलांनी सकाळी पुन्हा सोडवून आणलेल्या वह्यांचा गठ्ठा त्यांनी कपाटातून काढला. उत्तरं तीच आली तरी मुलांना ते पुन्हा रागवले नव्हते, हे नंदकिशोरच्या लक्षात आलं.

सरांनी सांगितलं, की ते असला धोका घेत नाहीत, गच्चीवर कुणालाही उभं करत नाहीत. गच्चीच्या स्लॅबच्या कडेने निळ्या रंगाची पट्टी आहे, तिच्यावर नजर धरायला सांगतात. पट्टीची उंची त्यांनी स्वतः वरून टेप सोडून मोजली होती, बरोबर बारा मीटर. मग त्यांनी मुलांना चार ठिकाणी उभं केलं, पंधरा मीटरवर, वीसवर, पंचवीसवर, तीसवर. कुणी बुटकं, कुणी उंच. तरी उत्तरं ही अशी.

नंदकिशोरने वह्या एकेक करून पाहिल्या. तेरा चाळीस, तेरा साठ, तेरा पंचेचाळीस. या कोनमापकावर अर्धा अंश चुकला की उत्तरात वीतभर फरक पडतो, तेवढा इकडेतिकडे होताच. पण सगळे आकडे एकाच जागेभोवती गोळा झाले होते. सरांनी शेवटच्या पानावर बेचाळीस उत्तरांची सरासरी काढून ठेवली होती. तेरा पूर्णांक बावन्न.

"मी स्वतःही मोजलं," सर खालच्या आवाजात म्हणाले. "पट्टीवरच नजर धरली होती मी."

ते या शाळेत जूनमध्ये आले होते. त्यांना बाईंची उंची माहीत असण्याचं कारण नव्हतं. नंदकिशोरने सरांचं पेन घेतलं आणि सरासरीच्या खाली लिहिलं, वजा एक बावन्न. वजाबाकी करायला त्याला टॅन लागत नव्हता. माणूस वजा केला की इमारत बरोबर बारा मीटर येत होती.

त्याने सरांना सगळं सांगितलं. सरांनी वह्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

पुढचा आठवडा नंदकिशोर गणित शिकला. रात्रीचं जेवण झालं की जाई समोर बसायची आणि तो विचारायचा. टॅन म्हणजे समोरची बाजू भागिले लगतची बाजू. कोन वाढला की टॅन वाढतो. लॉग टेबलच्या पुस्तकात अंश कुठे शोधायचे आणि मिनिटं कुठे. ती चिडायची, तो पुन्हा चुकायचा. पण वर्षभरात बापलेकींनी एकमेकांशी एवढं बोलणं केलं नव्हतं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्याने एक फूटभर पितळी नळी घेतली, मिलिंग मशीनवर पितळी तबकडी फिरवून तिच्यावर अंश आणि अंशाचे दहा दहा भाग पाडले, ओळंब्याला रेशमी दोरा आणि टोकाला शंकूसारखं वजन लावलं. लाकडी तिवई केली. हाताचा कंपही नको होता त्याला. वीस मीटरवरून दोन-चार सेंटिमीटरपर्यंत उंची सांगेल असं यंत्र होतं ते.

एव्हाना हिशेब त्याला स्वच्छ कळला होता. गीतांजली गच्चीच्या जमिनीवर उभी असेल तर तिचं डोकं तेरा बावन्नवर. साठच्या कठड्यावर चढून उभी असेल तर चौदा बारावर. वह्या हरवल्या तर हरवल्या. आकडा परत आला होता आणि तो तेरा बावन्न होता. ती चढली नव्हती. गुडघ्याएवढ्या कठड्यामागे उन्हात उभी राहून तिला चक्कर आली असेल, तोल गेला असेल. पण ती चढली नव्हती.

पुढच्या शनिवारी, अकराच्या तासाला, त्याने मैदानात तिवई रोवली. दिलीप सर होते, जाई होती. इमारतीच्या पायथ्याशी खिळ्याला टेपचं टोक अडकवून त्याने वीस मीटर मोजले. नळी निळ्या पट्टीवर धरून मळसूत्र आवळलं.

नळीतून पट्टी दिसत होती. पट्टी आणि वरती रिकामं आभाळ, बाकी काही नाही. पट्टीचा कोन अठ्ठावीस अंशांच्या आतबाहेर यायला हवा होता. दोरा एकतीसच्या पुढे उभा होता.

नंदकिशोरने नळी पुन्हा तपासली. ती पट्टीवरच होती. मग त्याने खिशातून गवंड्याचा साधा ओळंबा काढला आणि यंत्राच्या दोऱ्याशेजारी धरला. तेवीस वर्षं तो या धंद्यात होता. मशीन खोटं बोलतं, मोजपट्टी खोटं बोलते, साहेब तर बोलतोच, पण दोऱ्याला बांधलेलं वजन कधी खोटं बोलत नाही.

दोन दोरे समांतर नव्हते.

वीतभर लांबीत बोटभर फरक. वारा नव्हता. खाडीकडून चिखलाचा वास येत होता आणि ध्वजाच्या खांबाची दोरीसुद्धा हलत नव्हती. जाईने पुस्तकात पाहून उत्तर काढलं. तेरा बावन्न. तिने दुसऱ्यांदा गुणाकार करून पाहिला, आकड्याभोवती चौकट काढली आणि वही बापापुढे धरली.

देवजी घंटा देऊन तिथे येऊन उभा राहिला. त्याने यंत्राकडे पाहिलं नाही, वर पाहिलं. "टाकीचा वॉल फिरवायला मी रोज वर जातो," तो म्हणाला. "कोनी नसतं. पन कबुतरं बघा, भाऊ. सगल्या कठड्यावर बसतात. तिथं जागा सोरून बसतात."

कठड्याच्या सगळ्या लांबीवर कबुतरं होती. कोपऱ्यापाशी दोन फूट मोकळे होते.

नंदकिशोर तसाच ऑफिसात गेला. हातात जाईची वही. हौसेराव चहा पीत होते. त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये एकदा हसले, आणि मास्तरणीचा नवरा अखेर गणित शिकला तर, असं म्हणाले. नंदकिशोरने वही त्यांच्या बशीशेजारी आपटली. चहा सांडला. तो म्हणाला, की तुम्ही कठडा वाढवला, वह्या गिळल्या आणि माझ्या पोरीच्या मनात विष घातलंत.

हौसेराव चिडले नाहीत, हेच वाईट झालं. त्यांनी रुमालाने टेबल पुसलं. "आंबेरकर, तुमचं भूत खरं धरू आपण. अकराला बाई जमिनीवर उभ्या होत्या, याला कोण नाही म्हणतंय? त्या दिवशीही अकराला पहिली तुकडी मोजून गेली. पडल्या त्या बारा दहाला. बारा दहाचं सांगा ना."

नंदकिशोर वही उचलून बाहेर आला. भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते. शनिवारची अर्धी शाळा, गेल्या वर्षी साडेबाराला सुटायची, यंदा बाराला. त्याने तिवईकडे जाऊन सांगितलं, की आपण थांबायचं, बारा दहाला पुन्हा मोजायचं.

दिलीप सरांनी त्याचा दंड धरला. "तेरा बावन्न मिळालंय तुम्हाला. पोरीने स्वतः काढलंय. आता घरी जा."

"त्याच्या तोंडावर मारायचंय मला ते," नंदकिशोर म्हणाला.

"कुणाच्या?" सरांनी विचारलं. उत्तर न ऐकता ते सायकल घेऊन निघून गेले.

घंटा झाली. पोरं कलकलाट करत फाटकातून बाहेर पडली, रिक्षा भरल्या, वडापाववाल्यापाशी गर्दी झाली आणि ओसरली. देवजी वर्गांना आणि इमारतीच्या दाराला कुलपं लावून पुढचं फाटक ओढायला गेला. मैदानात बाप आणि लेक राहिले. ऊन डोक्यावर होतं. पायापाशी सावल्या गोळा झाल्या होत्या.

बारा सातला दोरा एकतीसच्या पुढे, तिथेच.

बारा आठला तिथेच.

नंदकिशोरच्या मनात हौसेरावांसाठी वाक्यं तयार होत होती. जाई तबकडीशी डोळा नेऊन उभी होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा मोकळा दिसत होता, दोन वर्षांनी लहान झाल्यासारखा.

बारा नऊला दोरा हलला.

झोका नाही घेतला. सरकला, आणि नव्या जागी थांबला. जाईने आकडा वाचला. साडेबत्तीस. तिने वही गुडघ्यावर धरून गुणाकार केला. मग पुन्हा केला. पेन्सिलचं टोक मोडलं तेव्हा तिने दप्तरातून दुसरी काढली आणि तिसऱ्यांदा केला.

"चौदा बारा," ती म्हणाली.

नंदकिशोर वहीवर वाकला.

"साठ सेंटिमीटर जास्त. म्हणजे कठड्यावर." तिचा आवाज अगदी सपाट होता. "चढली होती, बाबा."

कठडा साठच होता. शाळेने खोटं सांगितलं होतं. आणि तरी खरं सांगितलं होतं. का चढली? मागच्या पोरांना दिसत नव्हती म्हणून? ध्वजाचा खांब मध्ये येत होता म्हणून? की दुसरंच काही? आकडा कुठे ते सांगतो, का ते सांगत नाही. वर पट्टीच्या वर आभाळ तेवढं होतं, पांढरं, रिकामं.

जाईने वही मिटली. पेन्सिल कंपासपेटीत ठेवली. तिचा चेहरा पुन्हा सकाळी दात घासणाऱ्या त्या मुलीसारखा झाला, आणि ते पाहिलं तेव्हा वर्षभर हौसेरावांवर, विटांवर, हरवलेल्या वह्यांवर पुरवून पुरवून वापरलेला राग एकदम आपल्या खऱ्या जागी जाऊन बसला. नंदकिशोरने मान वर केली.

"गीता," तो ओरडला. एवढ्या मोठ्याने तो बायकोवर सोळा वर्षांच्या संसारात कधी ओरडला नव्हता. "पोर उभी आहे खाली. अक्कल आहे का तुला? उतर. आत्ताच्या आत्ता उतर खाली."

कठड्यावरची सगळी कबुतरं उडाली.

मैदानभर आवाज घुमला आणि विरला. फाटकापाशी देवजीने वळून पाहिलं आणि तो तसाच उभा राहिला.

"बाबा," जाई म्हणाली.

दोरा हलत होता. नळी पट्टीवर घट्ट आवळलेली होती, मळसूत्राला कुणी हात लावला नव्हता. दोरा बत्तीसवरून एकतीसवर आला.

"जमिनीवर," जाई पुटपुटली.

मग थोडा वेळ काही नाही. गच्चीच्या दारापर्यंत चालत जायला लागेल, तेवढा वेळ.

मग दोरा खाली येऊ लागला. पडल्यासारखा नाही. एकेक पायरी.

साडेचोवीसवर तो थांबला. तिसऱ्या मजल्यावर जिना वळतो.

सतरा. दुसरा मजला. इथे जाईचा तेव्हाचा वर्ग होता. इथे तो बराच वेळ थांबला.

नऊ.

जाई आकडे वाचत होती, आईने शिकवलेल्या पद्धतीने, आधी अंश आणि मग दशांश, आवाज न चढवता. नंदकिशोरला तिचा हात धरायचा होता. त्याच्या हातात टेप होती.

शून्य पूर्णांक तीन.

दोरा थांबला. नळीच्या पातळीला, माणसाच्या उंचीला. समोर इमारतीचं दार होतं. देवजीने लावलेलं कुलूप कडीला तसंच होतं. दारासमोरच्या पायऱ्यांवर ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात कुणी नव्हतं.

"आता कोनाचा उपयोग नाही," जाई हळूच म्हणाली. "आता नुसतं अंतर."

इमारतीपासून तिवईपर्यंत टेप ताणलेली होती, पिवळी, कापडी, मातीवरून सरळ. पायथ्याशी ती खिळ्याला अडकवलेली.

ती त्याच्या हातात ढिली पडली.

दुसरं टोक जमिनीपासून वर उचललं गेलं, कमरेएवढं, आणि तिथेच राहिलं. टेपला मध्ये झोळ आला. मग झोळ वाढू लागला.

मोजमाप झालं की टेप जमिनीवर लोळू द्यायची नाही, ही त्याच्या हाताची तेवीस वर्षांची सवय. त्याचा अंगठा आणि बोट डबीच्या मुठीवर गेलं आणि मूठ फिरू लागली. वीस. एकोणीस. अठरा. टेप ओढावी लागत नव्हती. जेवढी ढिली होत होती, तेवढीच तो गुंडाळत होता.

जाईने तबकडीवरून डोळा काढला आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आठ," तो म्हणाला. "सात."